दुपारी इन्व्हर्टर बंद पडतो तेव्हा दोष कुणाचा, डीपीचा, वायरचा का फेजचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तालुक्याच्या गावाबाहेर तुमची कॉलनी, १०० केव्हीएची एक डीपी, म्हणजे कॉलनीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, त्यावर १४ घरांनी प्रत्येकी ३ किलोवॅट सोलर बसवलंय, सगळी सिंगल फेज, म्हणजे डीपीच्या तीन फेजपैकी एकीवर जोडलेली. तुमचं घर शेवटच्या पोलवर. दुपारी १२ ते २ सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरच्या विजेसारखी करून लाईनला जोडणारा बॉक्स) ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’, म्हणजे लाईनचं व्होल्टेज जास्त, असं दाखवून बंद पडतो, मग चालू होतो, परत पडतो. सोलरवाला म्हणतो इन्व्हर्टर बंद पडायची व्होल्टेजची सेटिंग २८० करून देतो, विषय संपला. वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसमधून सांगतात डीपी भरली, आता या डीपीवर नवीन सोलर होणार नाही. आणि शेजारच्यांना या महिन्यात बसवायचंय, त्यांना थांबवू का असं तुम्ही विचारलंय.

दोघांचंही म्हणणं बरोबर नाही हे आधीच सांगतो. मी २६ वर्षं याच वायरींच्या खाली काढलीत, आधी लाईनवर आणि आता स्वतःचं काम, आणि गेल्या पाच-सहा वर्षांत मला येणाऱ्या दहातल्या सहा फोनमध्ये हीच गोष्ट असते, फक्त गावाचं नाव बदलतं.

आधी डीपी भरल्याचं बघू. १४ गुणिले ३ म्हणजे ४२ किलोवॅट. डीपी १०० ची. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१५ च्या रूफटॉप नियमात एका डीपीवर तिच्या क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंतच सोलर चालायचं, २०१९ च्या नियमात ते ७० टक्के झालं. तुम्ही ४२ वर आहात. जुना ४० चा आकडा अजून काही जणांच्या डोक्यात बसलेला आहे, त्यामुळे ‘भरली’ हे उत्तर पटकन येतं. आणि खरं सांगायचं तर लोखंडाला आणि तांब्याला त्रास किती याचा विचार केला तर डीपीला काहीच होत नाहीये. लोक मला विचारतात की साहेब डीपी उलटी चालली तर जळेल का. ट्रान्सफॉर्मरला सुलटं-उलटं कळत नाही हो, करंट खालून वर गेला काय आणि वरून खाली आला काय, तापणार तो किती अँपिअर जातात त्यावर. १०० केव्हीएला एका फेजवर साधारण १३३ अँपिअर पूर्ण लोड. दुपारी तुमच्याकडून वर जाणारा करंट फेजवर नीट वाटला तर ५० च्या आतच राहील. संध्याकाळी सात वाजता १४ घरांचे गिझर-मिक्सर-एसी आणि बाकीची कॉलनी मिळून तिच्यावर जास्त ताण असतो.

मग बंद का पडतंय? व्होल्टेजमुळे. आणि व्होल्टेजची गोष्ट डीपीच्या नेमप्लेटवरच लिहिलेली असते, बघा कधी लांबूनच, ‘४३३’ असा आकडा दिसेल. म्हणजे बिनलोडाची डीपी दोन फेजमध्ये ४३३ व्होल्ट देते, फेज-न्यूट्रलमध्ये बरोबर २५०. घरात पाहिजे २३०-२४०, मग २५० का ठेवलं? कारण ज्यांनी हे ठरवलं त्यांच्या डोळ्यासमोर पाटाचं पाणी होतं असं समजा. धरणातून सोडलेलं पाणी टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या, शेतकऱ्यापर्यंत जाईपर्यंत कमी होतं, म्हणून वरून जरा जास्तच सोडायचं. लाईनमध्ये दहा-पंधरा व्होल्ट जाणार हे धरूनच सुरुवात २५० ला केलीय. इतकी वर्षं ते बरोबर होतं.

आता तुम्ही टेलला विहीर काढली आणि तिचं पाणी पाटातूनच उलटं वर पाठवताय. पाणी वर चढवायचं तर टेलची पातळी मुखापेक्षा जास्त पाहिजे, दुसरा इलाज नाही. इन्व्हर्टर तेच करतो, लाईनपेक्षा दोन-चार व्होल्ट वर जाऊन करंट ढकलतो. डीपीवर २५० असेल तर तुमच्या पोलवर २५५, २६०, २६५ असं चढत जाणार. संध्याकाळी ज्या शेवटच्या घराला पंखा हळू फिरायचा त्याच घराला दुपारी सगळ्यात जास्त व्होल्टेज. टेलवाल्याचं नशीब दोन्हीकडून वाईट.

किती चढतं ते एकदा हातानं काढून बघा, अवघड नाही. जुन्या कॉलन्यांत एलटी लाईनला, म्हणजे डीपीपासून घरांपर्यंतच्या लाईनला, ‘वीझल’ नावाचा कंडक्टर बऱ्याच ठिकाणी असतो, त्याचा रेझिस्टन्स किलोमीटरला ०.९ ओहमच्या आसपास. समजा डीपीपासून सरासरी २०० मीटरवर तुमच्या बाजूची सहा घरं एकाच फेजवर आहेत. तीन किलोवॅटचं पॅनल आपल्याकडच्या तापलेल्या गच्चीवर पूर्ण तीन कधी देत नाही, अडीच धरा. सहा घरांचे १५ किलोवॅट, त्यातून दुपारी प्रत्येक घर फ्रिज-पंख्याचे तीनशे वॅट खातं, उरले १३. म्हणजे ५३ अँपिअर. २०० मीटरचा रेझिस्टन्स ०.१८, पण सिंगल फेजमध्ये करंट फेजमधून जातो आणि न्यूट्रलमधून परत येतो म्हणून दुप्पट, ०.३६. गुणाकार करा, १९ व्होल्ट. डीपीवर २४८ असेल तरी तुमच्याकडे २६७.

आता तीच सहा घरं तीन फेजवर दोन-दोन वाटा. एका फेजवर साडेचार किलोवॅटच्या आत, १८ अँपिअर, आणि तिन्ही फेज सारखे असले की न्यूट्रलमधून जवळजवळ काहीच जात नाही, म्हणून रेझिस्टन्स एकदाच मोजायचा, ०.१८. उत्तर ३ व्होल्ट आणि काही. पॅनल तेवढेच, वायर तीच, डीपी तीच, १९ चे ३ झाले. म्हणून कुणी मला ‘डीपी मोठी करायला पाहिजे’ म्हणालं की मी आधी विचारतो, फेज कशा वाटल्यात?

इन्व्हर्टर कुठल्या आकड्याला बंद होतो हेही सांगतो, कारण यात बराच गोंधळ आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१३ चे वितरित निर्मितीच्या जोडणीचे नियम आहेत, त्यात नेमलेल्या व्होल्टेजच्या ११० टक्क्यांच्या वर किंवा ८० टक्क्यांच्या खाली गेलं की दोन सेकंदांच्या आत सुटायचं असं आहे, आणि लाईन ६० सेकंद ठीक राहिली तरच परत जोडायचं. आता नेमलेलं २३० धरलं तर वरची हद्द २५३ आणि २४० धरलं तर २६४. तुमच्याच कॉलनीत एकाचा २५३ ला पडतो आणि दुसऱ्याचा २६४ पर्यंत टिकतो ते यामुळेही असतं, दोन बॉक्सची सेटिंग वेगळी.

यातून एक मजा होते. दुपारी सव्वाबाराला तुमचा पडतो कारण तुम्ही शेवटी. तुमचे दहा अँपिअर गेले की लाईनचं व्होल्टेज तीन-चारनं उतरतं, बाकीचे वाचतात. एका मिनिटानं तुमचा परत चढतो, व्होल्टेज वाढतं, आता दोन पोल अलीकडच्या काकांचा पडतो. काका खाली येऊन बघतात तोवर त्यांचा चालू आणि तुमचा बंद. मग सगळे म्हणतात इन्व्हर्टर डिफेक्टिव्ह आहे आणि कंपनीचा माणूस येतो साडेचार वाजता, तेव्हा सगळं छान चालू असतं! नुकसान मात्र खरं आहे, ३ किलोवॅटला चांगल्या उन्हात दिवसाला १३ युनिटं धरली तर १२ ते २ मध्येच पाचेक युनिटं असतात, म्हणजे दिवसाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त.

आता करायचं काय. क्रमानं करा, कारण स्वस्त गोष्टी आधी असतात आणि बऱ्याचदा पहिल्या दोन-तीनमध्येच काम होतं.

पहिलं स्वतःच्या घरात बघा. कडक उन्हात, इन्व्हर्टर चालू असताना, त्याच्या डिस्प्लेवरचं व्होल्टेज आणि त्याच क्षणी मीटरच्या बोर्डावरचं व्होल्टेज, दोन्ही लिहून घ्या. मीटरबोर्डावरचं रीडिंग इलेक्ट्रिशियनला घ्यायला सांगा, उगाच स्वतः मल्टिमीटरच्या कांड्या खुपसू नका. फरक तीन व्होल्टच्या वर असेल तर तेवढं व्होल्टेज तुमच्या स्वतःच्या वायरीत चढतंय. गच्चीवरून खाली मीटरपर्यंत ३५ मीटर अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकली असेल तर १० अँपिअरला तिच्यातच ५ व्होल्ट. सहाची टाकली तर २. सोलरवाले दोन-तीन हजार वाचवायला इथे हात मारतात आणि गिऱ्हाईक पुढची २५ वर्षं रोज दुपारी त्याची किंमत भरतो. पॅनलचा ब्रँड कोणता यावर लोक महिनाभर वाद घालतात, एसी केबलची साईज कुणी विचारत नाही.

दुसरं, आणि हे मला सगळ्यात आवडतं कारण फुकट आहे. तुमच्या १४ घरांच्या इन्व्हर्टरची मोबाईल ॲप्स आहेत ना, त्या प्रत्येकात ग्रिड व्होल्टेजचा दिवसभराचा ग्राफ असतो. पूर्वी एवढी माहिती गोळा करायला आम्ही पोलवर लॉगर लावून आठवडाभर थांबायचो, आता ती प्रत्येकाच्या खिशात आहे आणि कुणी बघत नाही. एका उन्हाच्या दिवसाचे सगळ्यांचे ग्राफ व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवा. ज्या घरांचे ग्राफ एकसारखे वर-खाली नाचतात ती एका फेजवर. आणि दुपारी एकचा आकडा डीपीपासून शेवटापर्यंत पोलच्या क्रमानं कागदावर लिहा. व्होल्टेज पोलापोलाला एक-दोननं चढत जायला पाहिजे. कुठे एकदम सात-आठनं उडी दिसली तर त्या दोन पोलांच्या मध्ये काहीतरी आहे.

अशीच एक उडी मी बघितलेली आहे. मागच्या एप्रिलमध्ये एका कॉलनीत असेच आकडे लिहिले, डीपीजवळ २४८, मग २५०, २५१, २५३ आणि पुढच्या घरात एकदम २६२. वायरमन दादांनी रीतसर परमिट घेतलं, लाईन बंद केली, शिडी लावली. चौथ्या पोलवर न्यूट्रलचा जंपर, म्हणजे दोन बाजूच्या तारा जोडणारा तुकडा, नुसता पिळून बांधलेला, क्लॅम्पच नाही, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरलेली आणि बाजूचा इन्सुलेटर त्या उष्णतेनं काळवंडलेला. त्यांनी चिमट्यानं तो उकलला तर दोन लडी हातातच तुटल्या. ब्रशनं घासून नवीन पीजी क्लॅम्प (तारा बोल्टनं घट्ट आवळणारा) मारला, वीस मिनिटांचं काम. लाईन चालू केल्यावर त्या पुढच्या घरात २५५. सात व्होल्ट त्या एका गाठीत अडकले होते, आणि त्या कॉलनीनं ट्रान्सफॉर्मर वाढवण्यासाठी सह्यांचं निवेदन तयार केलं होतं.

न्यूट्रलची अशी गाठ हा सोलरपेक्षा मोठा धोका आहे हेही लक्षात घ्या. ती पूर्ण सुटली तर एका फेजवरच्या घरांत ३०० च्या वर जाऊ शकतं आणि टीव्ही-फ्रिज एका रात्रीत जातात. सोलरमुळे ती सापडली तर एका अर्थी बरंच झालं म्हणायचं.

तिसरं फेज वाटणं. हे तुमचं तुम्ही करायचं नाही, पोलवर चढायचा अधिकार फक्त वितरण कंपनीच्या माणसाला, आणि हे मी सवयीनं लिहित नाहीये, दोन ओळखीची माणसं मी अशी गमावलीत. पण मागणी तुम्ही करायची आणि नेमकी करायची. होतं काय, आपल्याकडे सर्व्हिस वायर जोडताना जी फेज हाताला जवळ ती पकडतात, नाहीतर लोडशेडिंगच्या काळात ज्या फेजला व्होल्टेज चांगलं टिकायचं तिच्यावर लोकांनी सांगून-सांगून आपली घरं घेतलेली असतात. म्हणून अर्धी कॉलनी आर फेजवर. सेक्शनवाले म्हणतील आम्ही बॅलन्सिंग केलंय, आणि ते खोटं बोलत नसतात, त्यांनी संध्याकाळी टाँग टेस्टर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा) लावून केलेलं असतं. पण संध्याकाळी बॅलन्स असलेली लाईन दुपारी बॅलन्स असेलच असं नाही ना, संध्याकाळी सगळी घरं लोड असतात, दुपारी १४ घरं जनरेटर आणि बाकीची लोड. म्हणून अर्जात स्पष्ट लिहा की दुपारी साडेबारा ते दीडच्या मध्ये डीपीवर तिन्ही फेजचा आणि न्यूट्रलचा करंट मोजावा. न्यूट्रलचा करंट फेजच्या जवळपास निघाला की पुढचं बोलावंच लागत नाही, मोजणाऱ्यालाच कळतं.

चौथं डीपीचा टॅप, म्हणजे डीपीतून निघणारं व्होल्टेज कमी-जास्त करायची खाच. टॅप एक पायरी खाली घेतला की अडीच टक्के, म्हणजे सहा व्होल्ट सगळीकडे उतरतात. ऐकायला सोपं, पण दोन अडचणी. लहान डीपींना बऱ्याचदा टॅप नसतोच. आणि असला तरी तो डीपी बंद करून हातानं फिरवायचा असतो, दुपारी खाली आणि संध्याकाळी वर असं रोज कोण करणार, मग दुपारी सहा उतरले तसे रात्री आठला पण सहा उतरणार आणि टेलवाले फोन करणार. जिथे फेज वाटून झाल्यात आणि संध्याकाळी शेवटच्या घराला २३५ च्या वर राहतंय तिथेच मी टॅपचा आग्रह धरतो.

आता सोलरवाल्याच्या २८० बद्दल. नको म्हणजे नकोच. कागदावर एलटी ग्राहकाला २४० च्या ६ टक्के वर-खाली, म्हणजे २२६ ते २५४ मिळायला पाहिजे. तुमचा इन्व्हर्टर २८० पर्यंत टिकला म्हणजे तो २८० पर्यंत लाईन चढवणार, आणि त्याच फेजवर ज्यांच्याकडे सोलर नाही त्यांचे एलईडी, मोटरचे कपॅसिटर, फ्रिजचं कार्ड आठवडाभरात बोलायला लागतील. तुमची पाच युनिटं वाचवायला शेजारच्या मावशींचा फ्रिज घालवायचा का. शिवाय नियमाबाहेरची सेटिंग सापडली तर नेट मीटर अडकतो तो वेगळाच.

सेटिंगवरून आठवलं, जर्मनीनं हा धडा भलत्या बाजूनं घेतला. तिथे जुन्या नियमानं ग्रिडची फ्रिक्वेन्सी नेहमीच्या ५० वरून ५०.२ हर्ट्झला गेली की सगळे सोलर इन्व्हर्टर एकदम सुटायचे. पॅनल थोडे होते तोवर ठीक, नंतर इतके झाले की फ्रिक्वेन्सी तिथे पोचली असती तर एका झटक्यात अख्ख्या युरोपला हादरा बसेल एवढी वीज गेली असती. २०१२ मध्ये कायदा करून तीन लाखांहून जास्त जुन्या प्लांटमध्ये सेटिंग बदलायची पाळी आली. घरच्या गच्चीवरची एक सेटिंग तुमची खाजगी गोष्ट वाटते, पण लाखभर गच्च्या झाल्या की ती ग्रिडची होते. आपणही आता त्याच वाटेवर आहोत.

सेटिंगमध्ये करण्यासारखं एक आहे ते सांगतो. आजकालच्या बहुतेक इन्व्हर्टरमध्ये ‘व्होल्ट-वॅट’ नावाची सोय असते, मेन्यूत बंद ठेवलेली. ती चालू केली की व्होल्टेज हद्दीजवळ जायला लागल्यावर इन्व्हर्टर एकदम बंद न होता हळूहळू पॉवर कमी करतो, अडीचचा दोन, दीड. पाच युनिटं जायच्या ऐवजी एखादं-दीड जातं आणि ती चालू-बंदची सर्कस थांबते. ऑस्ट्रेलियात हे सक्तीचं आहे, आणि तिथल्या साऊथ ऑस्ट्रेलियात तर पुढे जाऊन नवीन घरांना पर्याय देतात की कायम दीड किलोवॅटच बाहेर पाठवा, नाहीतर लाईनला जागा असेल तेव्हा १० पर्यंत आणि गर्दी असेल तेव्हा कंपनी सांगेल तेवढं. आपल्याकडे अशा पद्धतीला वेळ आहे पण व्होल्ट-वॅट आजच चालू करता येतं, सोलरवाल्याला लॅपटॉप किंवा इन्स्टॉलर लॉगिन लागतं एवढंच. तो ‘आमच्या मॉडेलला नाही’ म्हणाला तर मॅन्युअल मागा.

त्याच्या शेजारीच ‘व्होल्ट-व्हार’ असतं, त्यात इन्व्हर्टर पॉवर कमी न करता पॉवर फॅक्टर बदलून व्होल्टेज उतरवायला बघतो. त्यानं फरक पडतो पण भारी अपेक्षा नको, एलटीच्या बारीक वायरीत रेझिस्टन्सच जास्त आणि रिॲक्टन्स त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, त्यामुळे पॉवर फॅक्टर ०.९५ ला नेला तरी लाईनवरची चढ आठवा हिस्सा कमी होते. १९ चे साडेसोळा. ब्रोशरमध्ये हे फार मोठं करून लिहितात.

बॅटरीबद्दल लोक लगेच विचारतात. फक्त या दुखण्यासाठी बॅटरी घेऊ नका, एवढ्या पैशात अख्ख्या लाईनची वायर बदलून होईल. त्यापेक्षा लोड हलवा. तुमच्या कॉलनीत पाण्याच्या टाकीची मोटर सकाळी सहाला लावतात ना? ती साडेबाराला लावा. घरघंटी, इस्त्री, वॉशिंग मशीन, गाडीचं चार्जिंग, जे जे हलतं ते १२ ते २ मध्ये आणा. पाच एचपीची मोटर म्हणजे जवळजवळ चार किलोवॅट, तेवढं लाईनवरून वर जायचंच नाही. बायका आधी वैतागतात की भर दुपारी कसलं दळण, पण एका कॉलनीत त्यांनीच वेळापत्रक करून जिन्यात चिकटवलं आणि ते अजून चालतं.

यातलं एकही काम न करता वायर बदलायला जाऊ नका, पण करूनही भागलं नाही तर मग तो खर्च कुणाचा हा प्रश्न येतो आणि तिथे नियम तुमच्या बाजूनं आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्कांच्या केंद्रीय नियमात दुरुस्ती झाली, १० किलोवॅटपर्यंतच्या रूफटॉप सोलरला तांत्रिक व्यवहार्यतेचा अभ्यास लागत नाही, अर्ज मंजूर झाला असंच धरायचं. आणि ५ किलोवॅटपर्यंतच्या सोलरसाठी लाईन-डीपीची जी सुधारणा लागेल ती वितरण कंपनीनं स्वतःच्या खर्चानं करायची. त्याच महिन्यात पीएम सूर्यघर योजना आली, एक कोटी घरांचं लक्ष्य, ३ किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी, म्हणून तुमच्या कॉलनीत सगळ्यांचं बरोबर ३ किलोवॅटच आहे, त्याच्या पुढे सबसिडी वाढत नाही. सरकारनं गच्च्यांवर पॅनल आणायचा वेग ठरवला, त्याच वेगानं शेवटच्या पोलपर्यंतची वायर कुणी बघितली नाही, माझी तक्रार एवढीच आहे. तर अर्ज लेखी द्या, पोचपावती घ्या, सोबत १४ घरांचे ग्राफ जोडा. ‘व्होल्टेज जास्त येतं’ असा अर्ज ढिगाखाली जातो, ‘अमुक तारखेला दुपारी एकला पोल चारवर २५३ आणि पोल पाचवर २६२’ असा अर्ज आला की जेई, म्हणजे सेक्शनचा ज्युनिअर इंजिनिअर, स्वतः येऊन बघतो, कारण त्याला काय शोधायचं ते कळलेलं असतं. त्यांच्याकडेही माणसं कमी आहेत, एका वायरमनकडे दोन-तीन गावं असतात, तुम्ही निम्मं काम करून दिलं तर ते खूशच होतात.

जरा बाजूला जाऊन एक सांगतो. गंमत अशी आहे की दुपारचा लोड शेतात आहे आणि पॅनल गावात आहेत. गावठाण फीडर आणि शेतीचा फीडर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वेगळे केलेत, त्यामुळे तुमच्या गच्चीवरची वीज कॉलनीत खपली नाही तर डीपीतून वर ११ केव्हीवर चढते, सब-स्टेशनच्या बसपर्यंत, म्हणजे जिथून सगळे फीडर निघतात त्या पट्टीपर्यंत, जाते आणि तिथून शेतीच्या फीडरवर उतरून कुणाचा तरी उसाचा पंप चालवते. वीज वाया जात नाही, फक्त रस्ता लांबचा आणि पहिले तीनशे मीटर अरुंद. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत नेमकं हेच सोडवलंय, प्लांट सब-स्टेशनच्या जवळ लावायचा आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला २०२४ मध्ये ३ मेगावॅटचा असा प्लांट चालू झाला. तिथे हा टेलचा प्रश्नच येत नाही कारण प्लांट पाटाच्या मुखाशी बसलेला आहे. जड केबल, पुढे मोठा लोड, तोही दिवसाच. इंजिनिअर म्हणून मला विचाराल तर एक रुपया लावायचा असेल तर आधी तिकडे लावावा, पण घराचं बिल घराच्या गच्चीवरूनच कमी होतं, त्यामुळे दोन्ही होणार आणि व्हायला पाहिजे.

हार्मोनिक्स (विजेच्या लहरीत येणारी अशुद्धता), फ्यूज, शॉर्ट सर्किटचं पण तुम्ही विचारलं होतं. घरगुती इन्व्हर्टरनं त्यात फारसं काही होत नाही, फॉल्टच्या वेळी तो आपल्या रेटिंगच्या जेमतेम वरचा करंट देतो आणि सुटतो. लाईन बंद केल्यावर सोलरमुळे वायरमनला शॉक बसेल ही भीतीही लोकांना वाटते, पण लाईन गेली की इन्व्हर्टर स्वतः बंद होतो, त्याची चाचणी झाल्याशिवाय तो विकताच येत नाही. मला भीती वाटते ती चेंजओव्हर स्विच न लावता मीटरबोर्डात डायरेक्ट जोडलेल्या जनरेटरची, तसे तुमच्या कॉलनीत कुणाकडे असतील तर आधी ते काढायला सांगा.

राहिले तुमचे शेजारी. त्यांना थांबवू नका, १०० च्या डीपीवर ४२ चे ४५ झाल्यानं काही बिघडत नाही. पण त्यांचा अर्ज जायच्या आधी ते १४ ग्राफ मागवून तुमच्या पोलवर कुठल्या फेजला सोलर कमी आहे ते काढा, आणि सर्व्हिस वायर त्या फेजवर घ्यायला सांगा, नवीन मीटर बसवायला माणूस येईल तेव्हाच, म्हणजे परत शिडी लावायला नको. गच्चीवरून खाली वायर सहा स्क्वेअर एमएमची, व्होल्ट-वॅट पहिल्या दिवसापासून चालू, आणि सेटिंगच्या पानाचा फोटो काढून ठेवायला सांगा. तुमच्या १४ चे आकडे आले की इथेच टाका, कुठल्या पोलवर उडी आहे ते मी बघून सांगतो.